मुठेल आणि शिसं

सरावाची चौथी गोळी नारळाच्या हातभर डावीकडून गेली आणि मागच्या जांभ्याच्या बांधावर आपटली. पाचवी तर नळीत उतरेचना. वासूभावजी घाम गाळत गजाने ठासत होते आणि गोळी मध्येच हटून बसली होती.

"जोर नको करू," आबा म्हणाले. "पेच लाव आणि भायर ओढ."

ती गोळी बाहेर येईपर्यंत मी आणलेला चहा गार झाला. मग आबांनी मला पाणी उकळायला लावलं, नळी धुतली, गजाला फडकं गुंडाळून आत घातलं आणि बाहेर काढून अगदी डोळ्यांशी नेलं. फडकं तांबूस झालं होतं आणि त्यावर शिशाचे चकचकीत पापुद्रे चिकटले होते.

"ह्यां काय रे?"

"गंज," वासूभावजी म्हणाले.

"तां माकाय कळता. इलो खंयसून?"

"आबा, मी तीन पाण्यान धुतलंय. कढत पाण्यान. सुकयलंय आणि मगे आतसून मुठेल लावन ठेवलंय."

"कधी?"

"चवथीच्या आदल्या दिवशी."

मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण न विचारता बोलायची खोड मला माहेरपासूनची. मी म्हटलं, "त्या दिवशी भावजींका भजनाक जावची घाई होती नाय?"

एवढंच. खोटं नव्हतं त्यात काही. ते भजनाला गेले होतेच. पण आबांनी फडकं खाली टाकलं, बंदूक उचलली आणि आत नेऊन स्वतःच्या खाटेमागे उभी केली. वासूभावजी माझ्याकडे बघत राहिले आणि मी चहाचे पेले गोळा केले.

आबा म्हणजे माझे सासरे. वासूभावजी माझे धाकटे दीर, सव्वीस वर्षांचे, लग्नाचे राहिलेले. माझे यजमान एस.टी.त कंडक्टर, त्यामुळे ते घरात कमी आणि गाडीत जास्त. पेडवण्यात आमचं राऊळांचं घर दोन गोष्टींसाठी ओळखलं जायचं. एक ती बंदूक आणि दुसरी, मी सांगते म्हणून नव्हे, पण माझं मुठेल.

बंदूक ठासणीची, पणजोबांच्या वेळची, परवान्यावरची. गावात ठासणीच्या बंदुका आणखी दोन घरांत होत्या, पण आमच्या नळीत आटे होते. त्यामुळे गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळामागच्या मळ्यात बांबूला दोरीने नारळ टांगायचे, ऐंशी पावलांवरून तिन्ही घरांनी पाच-पाच गोळ्या मारायच्या. ज्याचे नारळ जास्त फुटतील त्या घराला जत्रेत बंदुकीचा पहिला बार उडवायचा मान. एकोणीस वर्षं तो मान आमच्याकडे होता. अठरा वर्षं आबांनी मारले. मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला म्हणून पहिल्यांदा वासूभावजींनी मारले आणि पाचच्या पाच फोडले.

त्या पाच नारळांत माझा वाटा होता. शिसं असतं मऊ. कोरडी गोळी आट्यांवरून घासत गेली की नळीला शिसं धरतं. त्यावर दारूची काजळी चढते, ती पापडासारखी कडक होते आणि मग गोळी वाटेल तिकडे जाते. म्हणून गोळीभोवतीच्या खाचांत काहीतरी वंगण भरावं लागतं. आबा भरायचे मधाच्या पोळ्याचं मेण आणि बोकडाची चरबी. त्या चरबीला आठ दिवसांत वास यायचा आणि मुंग्या लागायच्या. डबा माझ्या स्वयंपाकघरात, मुंग्या माझ्या साखरेत. शेवटी मी म्हटलं, चरबी सोडा, माझं मुठेल घ्या. आबांनी एकदा कुणाच्या तरी सल्ल्याने मोटारीचं ग्रीस वापरलं होतं, तेव्हा नळीत डांबर झालं होतं. त्यामुळे ते नव्याला बिचकत होते. मी दोन वाट्या मेण आणि एक वाटी मुठेल मंद आचेवर वितळवून त्यांच्यासमोर गोळीला लावून दाखवलं. थंडीत तडकलं नाही, उन्हात पाघळलं नाही. आबांसारखा माणूस मला "बरां आसा" म्हणाला होता. महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुठेल म्हणजे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं तेल. बिया व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगतं ते काढून थंड झालं की मुठीने गोळा वळायचा. टाचांच्या भेगांना त्यासारखं औषध नाही. त्या वर्षी कुडाळच्या एका दुकानदाराने माझ्याकडे मुठेलाच्या शंभर गोळ्यांची मागणी नोंदवली होती. पेडवण्यातल्या बाईला दुकानदार घरी येऊन मागणी देतो, हे गावात पहिल्यांदाच घडत होतं आणि ते कुणाला कळायचं राहू नये याची मी काळजी घेतली होती.

गंज दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात गाव बसला. नारळ कोण मारणार, हे तिथे सांगायचं असतं. आबा उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा मी मारतलंय. वासूच्या हातात बंदूक देवन चूक झाली. तेका नळी धुवक जमणा नाय." डोळ्यांचं कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, औषधाने आता दिसतं.

कोकणात माणसाला शिव्या दिल्या तर चालतं. पण त्याला काम जमत नाही असं चार लोकांत म्हटलं तर ते तो मरेपर्यंत विसरत नाही. वासूभावजी घरी आले ते जेवले नाहीत. पडवीत बसून मला म्हणाले, "वयनी, जंय माझ्या हातावर भरोसो नाय, थंय मी कित्याक ऱ्हवू? मालवणचो एक तांडेल ट्रॉलरार माणूस बघता. जातंय मी."

"असां काय करतास? आबांचो राग चार दिवसांचो."

"राग नाय तो. तेंका तसां वाटता."

वासूभावजी गेले असते तर त्या घरात उरलो असतो मी आणि आबा. शेती कोण बघणार, आबांना कोण बघणार, हे प्रश्न होतेच. पण खरं सांगते, मला ते भावासारखे होते. माझ्या लग्नात ते बारा वर्षांचे होते आणि माझ्या पहिल्या पोळ्या करपल्या तेव्हा त्यांनी हसत हसत सहा खाल्ल्या होत्या. ते जायला नको होते.

त्यानंतर तीन दिवसांनी शेवंती धुरीण पाणंदीत भेटली. धुऱ्यांचं घर म्हणजे बंदुकीतलं आमचं जुनं वैर, पण मुठेल ती माझ्याकडूनच न्यायची.

"काय गो वृंदा, यंदा मुठेलात काय घातलंस? टाचेक लावलंय तर डोळ्यांत पाणी इला. असां झोंबता!"

"माझ्या मुठेलान कोणाचे पाय झोंबणत नाय," मी म्हटलं. "तुझेच नाजूक जाले असतले."

ती हसत निघून गेली. मीही तोऱ्यात घरी आले. पण हात धुताना मनात काहीतरी टोचलं, म्हणून फडताळातला एक गोळा काढला, नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

खारट.

मी तशीच उभी राहिले. मग सगळं एकेक करून आठवलं. दर वर्षी मी बिया आधी वेगळ्या काढते, ओढ्यावर धुते, वाळवते. त्या वर्षी कुडाळवाल्याला मुठेलाबरोबर आगळही हवं होतं. आगळ म्हणजे रातांब्यांचा मिठातला रस. घाईत मी रातांबे बियांसकट मीठ घालून पिंपात भरले आणि आठवड्याने रस काढून घेतल्यावर त्याच बिया उपसून वाळवल्या. धुवायच्या राहिल्या. वाळल्यावर त्यांच्यावर पांढरी पूड दिसली होती, ती मी गराची समजले. ते मीठ उकळताना पाण्यात उतरलं आणि ते पाणी थोडं थोडं गोळ्यात अडकून राहिलं. वासूभावजींनी नळी धुतली ती चांगलीच धुतली होती. आणि धुतलेल्या नळीला माझ्या सांगण्यावरून आतून मिठाचा हात फिरवून, ती पावसाळी हवेत वीस दिवस ठेवून दिली होती.

पण मी इतक्या लवकर हार मानणारी नाही. म्हटलं, चव म्हणजे पुरावा नव्हे. दोन नवे खिळे घेतले, राखेने घासले. एकाला मागच्या वर्षीचं मुठेल लावलं, दुसऱ्याला यंदाचं, आणि दोन्ही मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवले. तीन दिवसांनी पाहिलं. एक होता तसा होता. दुसऱ्यावर तांबड्या पुळ्या उठल्या होत्या.

त्याच दिवशी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. कुडाळवाल्याची माणसं दोन दिवसांत माल न्यायला येणार होती. गोळे तर मी पुन्हा दोनदा स्वच्छ पाण्यात उकळून, थंड झाल्यावर बुडाचा थर खरवडून गोडे करून ठेवले, कारण खारट माल विकणाऱ्यातली मी नव्हे. पण वृंदा राऊळला मुठेल जमत नाही, हे मला गावात ऐकायचं नव्हतं. वासूभावजी त्याच आठवड्यात एकदा मालवणला जाऊन आले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाच दिवस मी मूग गिळून बसले. माझ्यासारख्या बाईने पाच दिवस गप्प बसायचं म्हणजे आजारपणच ते. आबांनीसुद्धा विचारलं, ताप आहे का म्हणून.

माल गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी वासूभावजी शेतावर असताना, मी ते दोन खिळे आबांच्या हातात ठेवले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी खिळे अंगठ्याने चाचपले. राखून ठेवलेला खारट गोळा जिभेला लावला.

"खारां," ते म्हणाले. बराच वेळ खिळे हातात फिरवत बसले. मग विचारलं, "कोणाक सांगितलंस?"

"कोणाक नाय."

"मगे सांगू नको. तुझो धंदो आताशी खंय उभो ऱ्हवता. वासू दादलो आसा, सोसात. गोष्ट घरात ऱ्हवांदे."

मला हायसं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं. सासरा सुनेची अब्रू झाकतोय, असं समजून मी त्यांच्या पाया पडले.

पुढचे तीन दिवस आबांनी ती नळी घासली. गजाला काथ्या गुंडाळायचा, खोबरेल लावायचं आणि शंभर वेळा आत-बाहेर. शिशाची सालं निघत होती. मग कढत पाणी, मग कोरडं फडकं, मग पुन्हा काथ्या. मी नवीन मेण आणि धुतलेलं मुठेल वितळवून दिलं. वासूभावजी हे सगळं येता-जाता बघत होते.

नारळाच्या दिवशी मळ्यात अख्खा गाव जमला होता. परबांचे दोन फुटले. धुऱ्यांचे तीन. मग गुरवाने राऊळांचं नाव घेतलं आणि आबा पुढे झाले. एक सांगते, त्या माणसाने दारू मोजून ओतली, गोळीला वंगण भरलं, ठासली, घोड्याखाली टोपी बसवली, सगळं चाचपून, न अडखळता. लोक कौतुकाने बघत होते. मग त्यांनी बंदूक खांद्याला लावली.

नळीचं तोंड नारळाकडे नव्हतं. ते दोन हात उजवीकडे होतं, जिथे बांध संपून परबांचा गोठा सुरू होत होता. लोकांना वाटलं, म्हातारा वारा बघतोय. मी त्यांची मान बघितली. ते मान तिरकी करून, दोरी वाऱ्याने करकरते आहे ती ऐकत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आबांना माझ्या धंद्याची काळजी वगैरे काही नव्हती. वासूची चूक नाही असं त्यांनी म्हटलं असतं तर बंदूक वासूच्या हातात द्यावी लागली असती, आणि मग ती पुन्हा आबांकडे कधीच आली नसती. मला माझं नाव राखायचं होतं आणि त्यांना त्यांची बंदूक. दोघांच्याही सोयीसाठी वासूभावजी नालायक ठरले होते.

"आबा, थांबा!" मी ओरडले आणि लोकांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून आत गेले. त्या दोरीच्या आत तोवर कुणी बाई गेली नव्हती.

"वृंदा, भायर हो," आबा म्हणाले, पण त्यांनी नळी खाली केली.

मी गावाकडे तोंड केलं. "आयका. आमच्या नळयेक गंज इलो तो माझ्या मुठेलान. मिठातल्या बियांचा मुठेल मी न धुता केलंय आणि भावजींका लावक दिलंय. तेंनी नळी धुतल्यानी ती बरी धुतल्यानी. आणि ह्यां माका आठ दिवसांपासून ठावक आसा."

 मग बायकांच्या घोळक्यातून शेवंती धुरणीचा आवाज आला, "म्हणान माझे पाय झोंबत होते! आणि वर माकाच म्हणता, तुझे पाय नाजूक!"

सगळा मळा हसला. मीही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. हसले नाहीत ते आबा.

"ही खरां सांगता," ते म्हणाले. त्यांचा आवाज एरवी तीन शेतांपलीकडे जायचा, तो आता पहिल्या रांगेपर्यंत जेमतेम पोचला. "माका तीन दिवसांपासून ठावक आसा. मी तिका गप केलंय. वासू, हयसर ये."

वासूभावजी आले.

"माका नारळ दिसणा नाय," आबा म्हणाले. "गेल्या वर्षापासून नाय दिसणा. धर ही."

मला वाटलं होतं ते घेणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर घेतली नसती, दोन शब्द सुनावले असते आणि मग घेतली असती. त्यांनी बंदूक घेतली. वंगणाचा डबा उचलून माझ्यापुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वयनी, ह्यां चाखलंस मां?"

"तीनदा," मी म्हटलं.

वासूभावजींनी आबांच्या खांद्याला धरून त्यांना आपल्या डाव्या हाताला उभं केलं आणि पहिली गोळी मारली. नारळ फुटल्याचा आवाज आबांना आला, कारण त्यांनी एक बोट वर केलं. दुसरा फुटला. तिसरा चुकला. चौथा आणि पाचवा फुटला. शेवटची गोळीसुद्धा नळीत लोण्यासारखी उतरली, हे मला सांगायलाच हवं. ढोल वाजले, गुरवाने मानाचं श्रीफळ आबांच्या हातात दिलं, ते त्यांनी चाचपून वासूभावजींच्या हातात दिलं. तीन तासांत मी गावातल्या सात बायकांना खारट गोळे बदलून दिले आणि त्यातल्या एकीनेही पुढे माझं मुठेल सोडलं नाही. ज्या गोष्टीला मी आठ दिवस घाबरले ती एवढीशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासूभावजी पत्र्याची पेटी घेऊन पडवीत आले, तेव्हा मला वाटलं कुणाची तरी पोचवायची असेल.

"खंय?" मी विचारलं.

"मालवण. ट्रॉलरार."

"आता कित्याक? आता तर सगळां..."

"तांडेलाक शबूद दिलंय वयनी. तेणा माझ्यासाठी दुसऱ्या माणसाक परत धाडल्यान. तीन वर्षांचा बोलणां जाला."

आबा खाटेवर बसून ऐकत होते.  दिलेला शब्द मोड, असं त्या घरात कुणी कुणाला सांगितलं नसतं.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बंदुकीची दारू कोरडी कुठे ठेवायची, आबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी कुठे आहे, असलं सगळं ते मला सांगत होते. मी फक्त मान हलवत होते. गाडी आली. आत चढून त्यांनी पेटी सीटखाली सरकवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भावजी," मी म्हटलं, "मालवणाक कधी गेलास तुमी? शबूद देवक?"

"गेल्या सोमवारी."

सोमवारी. खिळे मी रविवारी बघितले होते.

"आयतवारी माका कळला होता," मी म्हटलं. लपवून काय करणार होते. "मी तेवां बोललां असतां तर?"

त्यांनी थोडा विचार केला, खरंच हिशेब केल्यासारखा.

"तर कित्याक गेलो असतंय मी?" ते म्हणाले आणि हसले. रागाने म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.